हरवते ती फीत नव्हे, नोंद

गेली सुमारे वीस वर्षे जॅझच्या बाजारपेठेत ‘हरवलेले’ या विशेषणाला मोठा भाव आला आहे. दर वर्षा-दोन वर्षांनी एखादी कंपनी कुणा दिवंगत वादकाच्या मैफलीचे ‘हरवलेले’ ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करते, सोबत जुनी छायाचित्रे आणि जाडजूड पुस्तिका येते, समीक्षक ‘खजिना गवसला’ असे लिहितात आणि रसिक पैसे मोजतात. आम्हीही मोजले आहेत. या ध्वनिमुद्रिकांमुळे जॅझच्या इतिहासातील काही प्रकरणे नव्याने लिहावी लागली, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरीही त्या विशेषणाशी आमचे भांडण आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या फिती बहुधा हरवलेल्या नव्हत्याच. त्या कुठल्यातरी ग्रंथालयाच्या फडताळात, कुणाच्या तळघरात, एखाद्या विधवेच्या कपाटात स्वस्थ पडून होत्या. हरवली होती ती त्यांची नोंद. त्यामुळे फीत सापडणे म्हणजे कुणीतरी पुन्हा नोंद करणे, आणि ती प्रसिद्ध करणे म्हणजे संपादन करणे. ‘खजिना’ म्हटले की उरते फक्त मालकी आणि किंमत. ‘पाठ’ म्हटले की तो कुणी उतरवला, कसा उतरवला, त्यात काय गळले आणि तो छापण्याचा अधिकार कुणाला, हे प्रश्न उभे राहतात. मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या परक्या वाटणाऱ्या प्रकरणात लक्ष घालावे, असे आम्हांला वाटते ते यासाठीच.

प्रथम, मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे एवढे महत्त्व का, हे पाहू. जॅझ हे मूलतः उपजेचे संगीत आहे. ठरलेली चाल, ठरलेला स्वरसंगतींचा क्रम आणि त्यावर वादकाने त्या क्षणी केलेला विस्तार, अशी त्याची घडण. आपल्याकडील बंदिश आणि उपज यांच्या नात्याशी ती काहीशी ताडून पाहता येते. मात्र हे साम्य फार ताणू नये. जॅझमध्ये विस्ताराची जबाबदारी आळीपाळीने अनेकांकडे येते आणि ड्रम वाजवणाराही संवादाला तोंड फोडू शकतो. अशा संगीताला ७८ फेऱ्यांच्या तबकडीने जेमतेम तीन मिनिटांच्या चौकटीत बसवले. क्लबात रात्री उशिरा ऐसपैस फुलणारी रचना स्टुडिओत गोळीबंद होई. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली तेव्हा ही चौकट सैल झाली. परंतु तोवर जॅझच्या घडणीचा मोठा काळ उलटून गेला होता. त्या काळातील जे काही दीर्घ वादन आज कानी पडते, ते बहुतांशी स्टुडिओबाहेर, कुणीतरी हौसेने किंवा नभोवाणीसाठी टिपलेले आहे.

त्यात १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकड्या वाजवून रेडिओ आणि ज्यूक-बॉक्सवाले कमावतात, वादकांचे काम मात्र बुडते, ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. काही कंपन्यांनी १९४३ मध्ये तडजोड केली, दोन बड्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताणून धरले. नेमका हाच काळ बीबॉप या नव्या शैलीच्या जन्माचा. एखाद्या वाङ्मयीन चळवळीची पहिली दोन वर्षे छापखानेच बंद असावेत, तशी ही स्थिती होती. त्याच्या थोडे आधी, १९४१ मध्ये, जेरी न्यूमन या कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्याने हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊस या ठिकाणी तबकडी कोरण्याचे यंत्र नेऊन गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे वादन टिपले होते. ख्रिश्चन मार्च १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. एका विद्यार्थ्याच्या हौसेमुळे त्या संक्रमणाचा एक तुकडा आपल्या हाती राहिला. डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील २२ जून १९४५ च्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध व्हायला तर २००५ साल उजाडावे लागले. म्हणजे त्या शैलीच्या उमेदीच्या दिवसांतला एक महत्त्वाचा पुरावा अभ्यासकांच्या हाती साठ वर्षांनी आला.

त्याच २००५ सालचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पियानोवादक थेलोनियस मंक यांचा क्लबमध्ये वाजवण्याचा पोलिसी परवाना १९५१ मध्ये काढून घेण्यात आला होता. दारू मिळते अशा न्यूयॉर्कमधील कुठल्याही ठिकाणी त्यांना वाजवता येत नव्हते. तो परत मिळाल्यावर १९५७ च्या उन्हाळ्यात ते फाइव्ह स्पॉट या छोट्या क्लबात वाजवू लागले. सोबत होते तरुण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन. वर्षअखेरपर्यंत चाललेल्या या सहवासाविषयी ज्यांनी ऐकले त्यांनी इतके लिहिले, इतके सांगितले की त्याची दंतकथा झाली. पुरावा मात्र तुटपुंजा होता. दोघांचे करार दोन वेगळ्या कंपन्यांशी होते. त्यामुळे या चौकडीच्या स्टुडिओतील जेमतेम तीन रचना मागे राहिल्या. पुढे १९९३ मध्ये कोल्ट्रेन यांच्या पत्नी नायमा यांनी क्लबात टिपलेली एक फीत प्रसिद्ध झाली, तेव्हा ती त्याच १९५७ च्या उन्हाळ्यातील आहे असे सांगितले गेले. नंतर निष्पन्न झाले की ती सप्टेंबर १९५८ मधील एका रात्रीची असून, त्या रात्री कोल्ट्रेन दुसऱ्या वादकाच्या जागी आले होते. फीत अस्सल, तारीख चुकीची. हस्तलिखितांवर काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

पुढे २००५ च्या आरंभी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लॅरी ॲपलबॉम हे ध्वनिमुद्रण विभागातील जाणकार ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या जुन्या फिती डिजिटल करण्यासाठी तपासत होते. त्यांना दहा इंची आठ रिळे आढळली. त्यांवर कार्नेगी हॉल, जॅझ, १९५७ एवढाच मजकूर होता. एका डबीच्या मागे हाताने ‘टी. मंक’ असे आणि काही रचनांची नावे लिहिलेली होती. ती २९ नोव्हेंबर १९५७ रोजी हार्लेममधील एका समाजकेंद्राच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमाची फीत निघाली. त्या रात्री बिली हॉलिडे, गिलेस्पी, सनी रोलिन्स, रे चार्ल्स असे दिग्गज एकाच मंचावर येऊन गेले होते, आणि त्यांच्यात मंक-कोल्ट्रेन चौकडीही होती. सप्टेंबर २००५ मध्ये ब्लू नोट कंपनीने त्या चौकडीचा भाग प्रसिद्ध केला.

वृत्तपत्रांनी अर्थातच ‘हरवलेला खजिना’ असे मथळे दिले. परंतु ही फीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होती! ती पाण्यात बुडाली नव्हती की भंगारात गेली नव्हती. ‘कार्नेगी हॉल, जॅझ’ या मोघम शब्दांआड मंक आणि कोल्ट्रेन दडले होते, एवढेच. ज्याने ती डबी फिरवून मागची अक्षरे वाचली आणि त्या अक्षरांचा अर्थ ज्याला कळला, त्याने ती शोधली. वाचणारा माणूस जाणकार नसता तर ती रिळे डिजिटल होऊनही अनामच राहिली असती. जतनाच्या योजना आखताना यंत्रांसाठी निधी सहज मिळतो, वाचणाऱ्या माणसासाठी मिळत नाही, हे आपल्याकडचे चित्र ज्यांना परिचित आहे त्यांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

ही फीत ऐकल्यावर दंतकथेचे काय झाले? ती खोटी ठरली नाही; मात्र तिचा आकार बदलला. प्रत्यक्षदर्शींच्या लेखनात केंद्रस्थानी होते दोन प्रतिभावंत. फितीत ऐकू येते ती चौघांची बांधीव मंडळी. ड्रमवादक शॅडो विल्सन यांची नेमकी, हलकी, तरीही पक्की लय या वादनाला किती आधार देते हे पुन्हापुन्हा जाणवते. विल्सन १९५९ मध्येच वारले. आठवणींच्या इतिहासात जे नाव कडेला पडले होते ते ध्वनीच्या पुराव्यामुळे मध्यावर आले. स्मरण नायक निवडते. यंत्र, त्याच्या मर्यादेत का होईना, सर्वांना ऐकते.

‘त्याच्या मर्यादेत’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. कारण यंत्राच्या मागे माणूस असतो आणि माणूस निवड करतो. या बाबतीत डीन बेनेडेटी यांचे उदाहरण टोकाचे आहे. स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे बेनेडेटी चार्ली पार्करचे भक्त होते. १९४७-४८ मध्ये ते पार्करच्या मागे क्लबाक्लबांत हिंडले आणि त्यांनी त्याचे वादन टिपले. मात्र पार्कर थांबला की ते यंत्रही थांबवीत. साथीदारांचे एकल वादन त्यांनी बहुतेक टिपलेच नाही. परिणामी हाती येतात ते उत्तरे कापलेल्या संवादासारखे तुकडे. बेनेडेटी १९५७ मध्ये इटलीत वारले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांभोवतीही दंतकथा वाढली. ती तारेच्या यंत्रावर केली होती असे सांगितले जाई. प्रत्यक्षात भावाने सांभाळलेला साठा जेव्हा पुढे आला तेव्हा त्यात तबकड्या आणि कागदी फिती होत्या. मोझेइक कंपनीने १९९० मध्ये हे सारे तुकडे तुकड्यांच्याच रूपात, प्रत्येकाची तारीख आणि जागा निश्चित करून प्रसिद्ध केले. ऐकायला ते कठीण आहेत. तरीही संपादन म्हणून ते आदर्श आहेत, असे आमचे मत आहे. कारण फाटलेली पाने शिवून अखंड पोथीचा आभास त्यांनी निर्माण केला नाही.

अलीकडचे उदाहरणही पाहावे. ऑगस्ट १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात कोल्ट्रेन यांच्यासोबत एरिक डॉल्फी वाजवत होते. क्लबातील नवी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी रिच ॲल्डरसन या तंत्रज्ञाने एकच मायक्रोफोन टांगून ते टिपले. ही फीत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात पडून होती. ती जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकच मायक्रोफोन असल्याने त्यात एल्विन जोन्स यांचे ड्रम्स धबधब्यासारखे पुढे येतात आणि पियानो दूर राहतो. आता कुणी यावरून ‘१९६१ मध्ये कोल्ट्रेन यांनी तालाला सुरापेक्षा अधिक महत्त्व दिले’ असा निष्कर्ष काढील तर तो मायक्रोफोनच्या जागेला कलावंताचा हेतू समजत आहे. लेखनिकाची लकब कवीच्या नावावर खपवण्याचाच हा प्रकार होय.

इथे आपल्या परंपरेतील एका ग्रंथाची आठवण अपरिहार्य आहे. लीळाचरित्र हे एका अर्थाने थेट प्रसंगांचेच ‘मुद्रण’ आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, खात्री करून त्या लिहून घेतल्या. पुढे मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली असे परंपरा सांगते. अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली आणि त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले. हिराइसेचा पाठ त्यांपैकी एक. मात्र पाठभेद दाबून टाकण्याऐवजी ‘वासना’ म्हणून ते नोंदवून ठेवण्याची शिस्त महानुभावांनी पाळली. कुणी सांगितले, कुणी ऐकले, कुठे मतभेद आहे, हे त्यांना मजकुराइतकेच मोलाचे वाटले. सातशे वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर दिसत नाही.

याच परंपरेत आमच्या मूळ मुद्द्याचाही पुरावा आहे. महानुभावांच्या पोथ्या मठांतून शतकानुशतके सुरक्षित होत्या. त्या सांकेतिक लिपीत असल्याने बाहेरच्यांना वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मराठी गद्याचा इतिहास काही शतके मागे गेला. त्या पोथ्यांनाही ‘हरवलेल्या’ म्हणता येणार नाही. त्या होत्या तिथेच होत्या. आपल्याजवळ किल्ली नव्हती.

आता पाठचिकित्सेतील अधिक अवघड प्रश्नाकडे येऊ. एकाच कृतीचे दोन पाठ मिळाले तर प्रमाण कोणता? ‘अ लव्ह सुप्रीम’ ही कोल्ट्रेन यांची चार भागांची रचना ९ डिसेंबर १९६४ रोजी स्टुडिओत मुद्रित झाली. तेहेतीस मिनिटांच्या आसपासची ती ध्वनिमुद्रिका श्रोत्यांनी एखाद्या धर्मग्रंथासारखी मानली. संपूर्ण रचना मैफलीत वाजवल्याचे जुलै १९६५ मधील फ्रान्समधले एकच ध्वनिमुद्रण दीर्घकाळ ज्ञात होते. २०२१ मध्ये तिसरा पाठ आला. २ ऑक्टोबर १९६५ रोजी सिएटलच्या पेंटहाउस क्लबात जो ब्राझील या वादक-शिक्षकाने टिपलेली ती फीत अर्धशतकाहून अधिक काळ खाजगी संग्रहात होती. इथे चौघांच्या जागी सातजण आहेत, रचना पंचाहत्तर मिनिटांपर्यंत पसरली आहे, आणि स्टुडिओतल्या ध्यानस्थ शांतीऐवजी तिच्यात एक उग्र शोध आहे. सॅक्सोफोन काहीसा मागे, ड्रम्स पुढे, असा तिचा ध्वनी आहे.

काही रसिकांना ती आवडली नाही. ‘मूळ’ रचना बिघडवली असे त्यांना वाटले. परंतु बिघडवणारा स्वतः कर्ता असेल तर ‘मूळ’ म्हणजे काय? आम्हांला वाटते, ग्रंथकेंद्री सवयीने आपण स्टुडिओतील पाठाला ‘अंतिम’ ठरवले. कर्त्याने तसे ठरवले नव्हते. त्याच्या दृष्टीने ती एक वाट होती आणि दहा महिन्यांत तो तिच्यावर बराच पुढे गेला होता. सापडलेल्या फितीचे सर्वांत मोठे मोल इथे आहे. ती आपल्याला आणखी एक ‘कृती’ देते यापेक्षा, कृती या शब्दाविषयी पुन्हा विचार करायला लावते. कीर्तनातला अभंग आणि गाथेतला अभंग यांच्या नात्याचा विचार करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. त्याचे इतके श्राव्य उदाहरण मात्र विरळा.

इथपर्यंत आम्ही प्रसिद्धीच्या बाजूने बोललो. आता आक्षेप. मैफल ही त्या रात्रीपुरती असते, कलावंताने ती तशीच वाजवली; ती कायमची करण्याचा अधिकार तिसऱ्याला कसा पोहोचतो? हा आक्षेप हलका नाही. उपज म्हणजे चुकण्याची मुभा. पुढे कुणीतरी हे विकणार आहे असे कळले तर वादक ती मुभा घेणार नाही. आपल्याकडेही केसरबाई केरकरांसारख्या गायिका आपल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणाला सहजासहजी राजी होत नसत. त्यामागे लहर नव्हती, आपली विद्या आपल्या हाती ठेवण्याची जाण होती. शिवाय जॅझच्या बाबतीत या प्रश्नाला वंशाचा आणि पैशाचा काळा इतिहास चिकटलेला आहे. कृष्णवर्णीय वादकांना तुटपुंजी बिदागी देऊन त्यांच्या तबकड्यांवर इतरांनी कमावले. मृत्यूनंतर तोच व्यवहार ‘खजिन्या’च्या नावाने पुढे चालू राहत असेल तर त्यात सामील व्हावे का?

याला वादकांनी आणि त्यांच्या वारसांनी दिलेली उत्तरे आमच्या पांडित्यापेक्षा मोलाची आहेत. चार्ल्स मिंगस यांच्या पत्नी सू मिंगस दुकानांत शिरून नवऱ्याच्या मैफलींच्या चोरट्या ध्वनिमुद्रिका उचलून नेत. पुढे त्यांनी स्वतःची कंपनीच काढली आणि तिचे नाव ठेवले ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड. १७ एप्रिल १९६४ चा पॅरिसमधील कार्यक्रम, जो चोरट्या रूपात विकला जात होता, तो त्यांनी १९९६ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केला. मिंगस यांच्या मार्च १९६४ मधील कॉर्नेल विद्यापीठातील मैफलीच्या फितीही त्यांनाच मिळाल्या आणि २००७ मध्ये बाहेर आल्या. सनी रोलिन्स यांनी वेगळी वाट निवडली. १५ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, बोस्टनमध्ये त्यांनी केलेला कार्यक्रम एका संग्राहकाने गुपचूप टिपला होता. रोलिन्स हे स्वतःच्या वादनाचे कठोर परीक्षक. तरी त्यांनी ती फीत ऐकली, मान्य केली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन्ही उदाहरणांत प्रसिद्धीला नकार नाही. निर्णय कुणी घ्यायचा यावर आग्रह आहे.

कायदा मात्र या आग्रहाला नेहमी साथ देत नाही. बिल सॅव्हरी या तंत्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लब आणि नृत्यगृहांतून होणारी रेडिओ प्रक्षेपणे मोठ्या तबकड्यांवर उतरवली होती. कोलमन हॉकिन्स, लेस्टर यंग, काउंट बेसी असे सारे त्यात आहेत. सॅव्हरी यांनी हयातीत ती फारशी कुणाला ऐकवली नाहीत. ते २००४ मध्ये वारले, आणि २०१० मध्ये हार्लेमच्या राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाने त्यांच्या मुलाकडून सुमारे ९७५ तबकड्या मिळवल्या. त्यांपैकी सुमारे चतुर्थांश अत्यंत वाईट अवस्थेत असल्याचे संग्रहालयाने तेव्हा सांगितले. उरलेल्या स्वच्छ करता येत होत्या. पण प्रत्येक वादकाचे वारस शोधून परवानगी मिळवणे हे बुरशी काढण्यापेक्षा अवघड होते. २०१६ मध्ये त्यांतला पहिला भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचला. युरोपात याच्या उलट विपर्यास दिसतो. तिथे ध्वनिमुद्रण पन्नास वर्षे अप्रकाशित राहिले तर त्यावरील संरक्षण संपते. म्हणून २०१२ मध्ये बॉब डिलन यांच्या कंपनीने जुनी अप्रकाशित गाणी सुमारे शंभर प्रतींच्या आवृत्तीत काढली. हक्क टिकवण्यापुरते छापायचे, ऐकवण्यासाठी नव्हे!

या सर्वांचा विचार करून आमची भूमिका अशी. मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध व्हावीत. ती कुजू देण्यात कलावंताचा कसलाही सन्मान नाही. मात्र ती संपादित ग्रंथाच्या शिस्तीने व्हावीत. फीत कुणी, कुठे, कोणत्या यंत्रावर टिपली आणि ती कुणाकुणाच्या हातून आली, हे आधी सांगावे. गळलेला भाग गळलेला म्हणूनच दाखवावा, आवाज घासूनपुसून आजचा करू नये. मानधनात वेष्टनावरच्या नायकासोबत प्रत्येक साथीदाराच्या वारसाचा वाटा असावा. आणि विक्रीसाठी निवडलेल्या चाळीस मिनिटांखेरीज उरलेली फीतही अभ्यासकाला ग्रंथालयात बसून ऐकता यावी. या अटी जाचक वाटतील. परंतु १८६९ मध्ये तुकारामगाथेची आवृत्ती काढताना निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखित प्रती ताडून पाहणाऱ्या संपादकांना, किंवा पुण्यात १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी खपणाऱ्यांना त्या नित्याच्याच वाटल्या असत्या.

शेवटी हा विषय आपल्या उंबरठ्यावर आणायला हवा, आणि त्यासाठी ओढाताण करावी लागत नाही. जॅझ मुंबईला परके नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यापाठोपाठ आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. त्यांतले चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले आणि त्यांचा ट्रम्पेट आपल्या कानांत चित्रपटगीतांतून शिरला. १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तीत सनी रोलिन्स वाजवून गेले. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथात या साऱ्याचा इतिहास मांडला तो प्रामुख्याने आठवणी, छायाचित्रे, वृत्तपत्रे आणि मोजक्या तबकड्यांच्या आधारे. त्या रात्रींचा एखादा तुकडा कुणा हौशी माणसाच्या स्पूलवर उतरला असेल तर तो ओळखण्यासाठी डबीवर चार शब्द लागतील.

आणि जॅझही बाजूला ठेवू. ज्या महाविद्यालयांतून आम्ही शिकवतो तिथल्या कपाटांत व्याख्यानमालांच्या, कविसंमेलनांच्या, परिसंवादांच्या कॅसेटी पडून आहेत. त्यांवर ‘स्नेहसंमेलन, दिवस दुसरा’ एवढेच लिहिलेले असते. कार्नेगी हॉलच्या रिळांवर होते त्याहून कमी. चुंबकीय थर सुटतो, फीत चिकटते, आणि ती वाजवणारे यंत्र दुरुस्त करणारा कारागीर मिळेनासा होतो. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याने ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत गायक-वादकांसोबत कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती यांना एकाच ओळीत बसवले आहे, आणि त्या सर्वांना सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिला आहे. गारुड्याच्या पंक्तीला बसण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. उलट या ओळीचा अर्थ असा की, त्या कॅसेटीवरचा कवी आणि वक्ता यांनाही विचारले गेले पाहिजे, निदान त्यांच्या वारसांना.

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा हा विषय आपण पोथ्यांपुरता शिकवतो आणि विद्यार्थी तो गुणांपुरता शिकतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक कॅसेट द्यावी. ती त्याने ऐकावी, आवाज ओळखावेत, तारीख ठरवावी, तुटलेल्या जागा नोंदवाव्यात, हयात असलेल्यांची परवानगी घ्यावी आणि एक पानाची नोंद लिहावी. या कामाला अनुदान लागत नाही. कान लागतो आणि चिकाटी लागते. पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या कॅसेटीला ‘हरवलेला खजिना’ म्हणू नये, यासाठी एवढे पुरेसे आहे.